पंपाच्या ऑटोचा बोर्ड: कोणत्या सिग्नलला कोणती इंटरप्ट लाइन द्यायची?

वरुड_बोअरवेल
नमस्कार मंडळी. ७.५ एचपीच्या सबमर्सिबलसाठी ऑटोचा (वीज आली की मोटार आपोआप सुरू करणाऱ्या पेटीचा) बोर्ड बनवतो आहे. संत्र्याच्या बागेत ठिबक आहे आणि लाइन (वीज) कधी दिवसा, कधी रात्री पाळीने येते. कंट्रोलर एसटीएम३२एफ१०३सी८टी६, ४८ पिनचा.

जोडायचं आहे ते असं: तीन फेजचे ऑप्टो (प्रकाशाने सिग्नल पोचवून वरचं व्होल्टेज चिपपासून वेगळं ठेवणारे), तीन सीटी (करंट मोजणाऱ्या कॉइल), मेन लाइनवरचं रीड स्विचचं (चुंबकाने मिटणाऱ्या संपर्काचं) वॉटर मीटर (१० लिटरला १ पल्स), १५० मीटर लांबच्या टाक्यातला फ्लोट (पाण्याची पातळी सांगणारा स्विच), डीएस३२३१ घड्याळ, ए७६७०सी हा ४जी मोडेम, व्हॉल्व्हसाठी एसएक्स१२७८ लोरा (लांब पल्ल्याचा रेडिओ), एनर्जी मीटरसाठी आरएस४८५ (सिरियल जोडणी), आणि स्टार्ट-स्टॉपची बटणं. लाइन नसताना बोर्ड १८६५० सेलवर झोपून राहील.

कच्चा आराखडा: आर फेज पीए५ (पोर्ट ए, पिन ५), वाय फेज पीबी५, बी फेज पीए६, फ्लोट पीबी६, मोडेमची रिंग (निरोप आल्याची खूण देणारी पिन) पीए८, लोराचा डीआयओ० (पॅकेट आल्याची खूण) पीबी८. सगळ्यांवर इंटरप्ट (सिग्नल आला की चालू काम थांबवून चिपला त्याचा कोड चालवायला लावणारी सोय), ओव्हरलोडला सर्वांत वरची प्रायॉरिटी. पीसीबी टाकायच्या आधी कोणी डोळ्याखालून घालाल का?

आर्वी_फर्मवेअर
भाऊ, हा आराखडा चालणार नाही. या चिपमध्ये बाहेरच्या इंटरप्टची लाइन पिनच्या नंबरवरून ठरते, पोर्टवरून नाही. पीए५ आणि पीबी५ दोघांची लाइन एकच, ईएक्सटीआय५. तिच्यावर एका वेळी एकच पोर्ट निवडता येतो आणि ती निवड एएफआयओच्या ईएक्सटीआयसीआर रजिस्टरमध्ये होते. म्हणजे तुमचे आर आणि वाय भांडतील, पीए६ आणि पीबी६ भांडतील, पीए८ आणि पीबी८ पण. वाईट हे की कंपायलर काही बोलत नाही. ज्याचं कॉन्फिगरेशन नंतर झालं त्याची लाइन चालते, दुसरा मुका होतो.

दुसरी गोष्ट व्हेक्टरची, म्हणजे इंटरप्ट आल्यावर कोणता कोड (हँडलर) चालवायचा त्या नोंदीची. ईएक्सटीआय० ते ४ यांना प्रत्येकी वेगळा व्हेक्टर आहे. ५ ते ९ मिळून एकच, १० ते १५ मिळून एकच. एका व्हेक्टरमधल्या सगळ्या लाइनींना एकच प्रायॉरिटी लागते. म्हणून ० ते ४ हे नंबर जपून वापरा आणि सावकाश चालणारे सिग्नल ५ ते ९ मध्ये एकत्र घाला.

सामायिक व्हेक्टरमध्ये हमखास होणारी चूक सांगून ठेवतो. पेंडिंग रजिस्टरमध्ये (यात कोणत्या लाइनीचा इंटरप्ट हाताळायचा बाकी आहे ते दिसतं) १ लिहिला की तो बिट साफ होतो. तिथे सवयीने 'ऑर-इक्वल' (|=) लिहिलं, तर आधी वाचताना जे जे बिट १ होते ते सगळे परत १ लिहिले जातात आणि न हाताळलेले इंटरप्टही पुसले जातात. फक्त हवा तो एक बिट सरळ लिहायचा, आणि तोही हँडलरच्या सुरुवातीला. शेवटी लिहिला तर राइट बफरमुळे बिट साफ होण्याआधीच हँडलर संपतो आणि लगेच परत शिरतो.

घाटंजी_रिवाइंडर
सर्किटच्या आधी फेजचं पाहा भाऊ. पल्स येऊन राह्यला म्हणजे फेज हाये असं नाही. तीन फेजची मोटार चालू असताना एक फेज उडाला तरी मोटार थांबत नाही. ती गेलेल्या फेजवर स्वतःच व्होल्टेज तयार करते, ऑप्टोले वाटते सगळं बरोबर हाये. तिकडं बाकीच्या दोन फेजचा करंट वाढते आन् वाइंडिंग जळते. म्हणून चालू मोटारीसाठी तीन सीटीचा करंटच पाह्यला पायजे. तुमी तीन सीटी घेतल्या ते बेस केलं.

मोटार बंद असतानाचा फेज पाह्याचा तो सुरू करायच्या आधीच. आन् डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) काम झालं का कधीकधी फेजची अदलाबदल होते. सबमर्सिबल उलटी फिरते, पाणी कमी येते, करंट काही खूप बदलत नाही. तो उलटा क्रम ऑटोनं सुरू करायच्या आधीच पकडला पायजे.

दर्यापूर_सर्किट
घाटंजीच्या दादांनी मुद्द्यालाच हात घातला. त्यात अजून एक भर.

बहुतेक स्टार्टरपाशी न्यूट्रल नसतो, म्हणून ऑप्टो दोन फेजच्या मध्ये बसवावे लागतात: आर-वाय, वाय-बी, बी-आर. आता समजा मोटार बंद आहे आणि आर फेज गेला. तरीही तिन्ही ऑप्टो पल्स देतात! आरचा बिंदू तरंगत राहतो, आणि वाय-बी मधलं व्होल्टेज उरलेल्या दोन ऑप्टोंच्या रेझिस्टरांत अर्धं अर्धं वाटलं जातं. म्हणजे 'पल्स आला का' हा प्रश्नच चुकीचा. बघायचं ते पल्समधलं अंतर.

५० हर्ट्झला एक चक्र २० मिलिसेकंद. तिन्ही फेज ठीक आणि क्रम सरळ असेल तर एका ऑप्टोच्या कडेपासून (सिग्नल बदलतो त्या क्षणापासून) पुढच्याची कड ६.६७ मिलिसेकंदांवर येते. क्रम उलटा असेल तर १३.३३ वर. वरच्या उदाहरणात, म्हणजे आर गेल्यावर, आर-वाय आणि बी-आर एकाच वेळी येतात आणि वाय-बी त्यांच्यापासून १० मिलिसेकंदांवर. तिन्ही परिस्थिती आकड्यावरून स्वच्छ ओळखू येतात. १ मिलिसेकंदाची सूट ठेवली तरी पुरते.

भाग: प्रत्येक ऑप्टोला पीसी८१७, एलईडीला उलटा १एन४००७, आणि मालिकेत ४७ किलोओहमचे चार रेझिस्टर, प्रत्येकी अर्धा वॉट. ४१५ व्होल्टला करंट साधारण २.२ मिलिअँपिअर, एकूण उष्णता ०.९ वॉटच्या आसपास, म्हणजे एकावर पाव वॉटही नाही. उन्हाळ्यात पत्र्याच्या पेटीतली हवा बाहेरच्या ४५ अंशांपेक्षा बरीच तापते, तेव्हा ही मोकळीक लागतेच. एकाच मोठ्या रेझिस्टरवर भागवू नका. व्होल्टेज वाटून जायला हवं, आणि एक शॉर्ट झाला तरी बाकीचे तीन सांभाळतात. कलेक्टरला १० किलोओहमने ३.३ व्होल्ट.

आणि हे तीन सिग्नल ईएक्सटीआयवर नकोतच. टायमर-४ चे पहिले तीन चॅनेल पीबी६, पीबी७, पीबी८ वर आहेत, तिथे इनपुट कॅप्चर लावा. टायमर १ मेगाहर्ट्झवर मोकळा फिरू द्या. १६ बिटचा काउंटर ६५.५ मिलिसेकंदांनी गुंडाळतो आणि चक्र २० चं आहे, त्यामुळे वजाबाकी बरोबर येते. कड आली त्या क्षणाचा आकडा हार्डवेअर पकडून ठेवतं. कोड तो नंतर वाचला तरी मोजमापात फरक पडत नाही.

वरुड_बोअरवेल
कॅप्चरचं पटलं. मग ओव्हरलोडला प्रायॉरिटी ० द्यावी ना? सीटीनंतर एलएम३९३ (व्होल्टेज ठरलेल्या पातळीवर गेलं का ते सांगणारी चिप) लावून ईएक्सटीआय० वर आणायचा विचार आहे.

आर्वी_फर्मवेअर
नको. घाई कुठे आहे ते बघा. ७२ मेगाहर्ट्झला कॉर्टेक्स-एम३ हँडलरमध्ये शिरायला किमान १२ सायकल घेतो, म्हणजे ०.१७ मायक्रोसेकंद, फ्लॅशचं थांबणं धरून जरा जास्त. पण कॉन्टॅक्टर (मोटारीची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) सुटायलाच काही दहा मिलिसेकंद लागतात आणि ओव्हरलोडची ट्रिप सेकंदांत मोजतात, कारण सुरू होताना मोटार पूर्ण भाराच्या कितीतरी पट करंट ओढते आणि तो सोसावाच लागतो. अशा ठिकाणी मायक्रोसेकंदाचा इंटरप्ट फक्त खोट्या ट्रिप देईल. तिन्ही सीटी एडीसीला (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाला) द्या, डीएमएने (सीपीयूशिवाय डेटा हलवणाऱ्या हार्डवेअरने) नमुने गोळा करा, २० मिलिसेकंदांच्या एका चक्राचा आरएमएस काढा आणि टास्कमध्ये (हँडलरबाहेरच्या साध्या कोडमध्ये) निर्णय घ्या. शॉर्टसर्किटसाठी एमसीबी आणि फ्यूज आहेत, ते काम बोर्डाकडे देऊच नका.

प्रायॉरिटी ठरवताना मी प्रत्येक सिग्नलबद्दल एकच प्रश्न विचारतो: आपण उशिरा पोचलो तर हार्डवेअर ती गोष्ट किती वेळ धरून ठेवेल?

डीएस३२३१ अलार्म झाला की लाइन खाली ओढतं आणि फ्लॅग साफ करेपर्यंत तशीच धरतं. त्याला कितीही उशीर चालतो. लोराचं पॅकेट फिफोमध्ये (डेटा रांगेने साठवणाऱ्या जागेत) पडून राहतं, पुढचं पॅकेट येईपर्यंत सवड आहे. टायमर कॅप्चर पुढच्या कडेपर्यंत, म्हणजे २० मिलिसेकंद थांबतं. आणि यूएआरटी, म्हणजे सिरियल पोर्ट? या चिपमध्ये त्याला फिफो नाही. ११५२०० च्या वेगाने दर ८७ मायक्रोसेकंदांना नवा बाइट येतो, तेवढ्यात आधीचा उचलला नाही तर ओव्हररन, म्हणजे बाइट हरवतो. म्हणजे तुमच्या बोर्डावर खरी घाई ओव्हरलोडला नसून मोडेमच्या सिरियलला आहे. तिथे डीएमए आणि आयडल लाइनचा (बाइट येणं थांबल्यावर येणारा) इंटरप्ट लावला की तीही उरत नाही.

फ्री-आरटीओएस (टास्क आळीपाळीने चालवणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टीम) वापरत असाल तर एक आठवण. प्रायॉरिटीचे ४ बिट, म्हणजे ० ते १५, आणि लहान आकडा म्हणजे वरचा मान. सिस्टीम कॉलची मर्यादा ५ ठेवली असेल, तर ० ते ४ वाल्या हँडलरमधून सेमाफोर, क्यू (टास्कला निरोप द्यायची साधनं) काहीही हलवायचं नाही. तसं केलं तर बोर्ड दोन-चार दिवस नीट चालतो आणि मग एका क्षणी गोठतो. असा दोष शोधणं फार कष्टाचं. मी यूएआरटी ५, लोरा ६, टायमर-४ ला ७, ईएक्सटीआय ५ ते ९ ला ८, घड्याळ १० असं ठेवीन.

दर्यापूर_सर्किट
फ्लोटबद्दल. १५० मीटरची वायर मोटारीच्या केबलशेजारून गेली की ती अँटेनाच. कॉन्टॅक्टर पडताना तिच्यात पल्सचा पाऊस पडतो, आणि एफ१०३ च्या ईएक्सटीआयला डिजिटल फिल्टर नाही. आतला पुलअप (पिन वर ओढून ठेवणारा रेझिस्टर) ३० ते ५० किलोओहमचा, या कामाला फार कमकुवत.

फ्लोटला इंटरप्टच देऊ नका. टाकं भरायला तास लागतो, दर १०० मिलिसेकंदांनी पिन वाचा आणि सलग १० वेळा तेच आलं तरच खरं धरा. वायरीत १२ व्होल्टचा लूप चालवा, बोर्डाच्या टोकाला २.२ किलोओहम आणि पीसी८१७. जवळपास ५ मिलिअँपिअर वाहतात, त्यामुळे हवेतून शिरलेला आवाज एलईडी पेटवू शकत नाही, शिवाय फ्लोटच्या संपर्कावर बसणारा गंजही जरा कमी त्रास देतो. मृगाच्या विजांसाठी वायर बोर्डात शिरते तिथे एमओव्ही किंवा टीव्हीएस (व्होल्टेजची उसळी शोषणारा भाग) हवाच, आणि त्याचं अर्थिंग वेगळ्या जाड वायरीने.

कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर स्नबर (कॉइल सुटतानाची उसळी दाबणारी जोडी) लावा: १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड. कॉइल ४१५ व्होल्टची असेल तर बाजारात सहज मिळणारा २७५ व्होल्टचा एक्स२ कॅपॅसिटर लावू नका. ४४० व्होल्ट एसी लिहिलेला एक्स१ मागा.

बटणंही पोलिंगवरच, म्हणजे पिन दर १० मिलिसेकंदांनी वाचून. माणसाच्या बोटाला इंटरप्टची गरज नसते.

वरुड_बोअरवेल
वॉटर मीटर टायमर-३ च्या काउंटरला द्यावं का? पीए६ वर चॅनेल १ येतो. सीपीयूला काहीच काम राहणार नाही.

आर्वी_फर्मवेअर
हॉल सेन्सर असता तर हो म्हटलं असतं. वायएफ-एस२०१ सारखा सेन्सर लिटरला ४५० पल्स देतो आणि स्वच्छ देतो, तो काउंटरलाच शोभतो (पण तो ३० लिटर प्रति मिनिटापर्यंतचा, खताच्या लाइनवर चालेल, मेन लाइनवर नाही). तुमचा रीड स्विच आहे, तो काही मिलिसेकंद थडथडतो. टायमरचा आतला फिल्टर जास्तीत जास्त ताणला तरी ७२ मेगाहर्ट्झला १४ मायक्रोसेकंदांपर्यंतच जातो. एका पल्सचे पाच मोजले जातील आणि १० लिटरचे ५० होतील.

म्हणून पीए६ वर साधा ईएक्सटीआय६. हँडलरमध्ये पल्स मोजा, मास्क रजिस्टरमध्ये ती लाइन बंद करा, ५० मिलिसेकंदांनी पेंडिंग बिट साफ करून परत उघडा. सेकंदाला ५ लिटर पाणी असलं तरी पल्स २ सेकंदांनी एक, त्यामुळे काही हुकत नाही. वायर तुटून लाइन फडफडायला लागली तरी हा मास्कच वाचवतो, नाहीतर सीपीयू हँडलरमध्येच अडकतो आणि वॉचडॉग (अडकलेली चिप रिसेट करणारा टायमर) दर वेळी रिसेट मारत बसतो.

दुसरा फायदा झोपेचा. लाइन गेल्यावरही टाक्यातून उताराने ठिबक चालू राहतं. स्टॉप मोडमध्ये (चिपच्या झोपेत) टायमर थांबतात, ईएक्सटीआय जागा असतो.

तंत्रनिकेतन_यवतमाळ
हेच आर्डुइनो उनो किंवा ईएसपी३२ वर केलं तर सोपं नाही का पडणार? प्रोजेक्टसाठी विचारतो आहे.

आर्वी_फर्मवेअर
उनोच्या एटीमेगा३२८पी मध्ये खऱ्या अर्थाने दोनच बाहेरच्या इंटरप्ट लाइनी, पिन २ आणि ३. बाकी पिन-चेंज इंटरप्ट पोर्टवार आहेत: कोणती पिन बदलली आणि कुठल्या दिशेने, ते जुनी स्थिती साठवून स्वतः ताडावं लागतं. प्रायॉरिटी बदलता येत नाही, व्हेक्टरच्या क्रमानेच. दोन-तीन सिग्नलचा प्रोजेक्ट असेल तर पुरेसा आहे, आणि शिकायला चांगला.

ईएसपी३२ मध्ये कोणतीही जीपीआयओ इंटरप्टला चालते, पण पिन निवडायला तिथेही डोकं लागतं. ३४ ते ३९ फक्त इनपुट आणि त्यांना आतला पुलअप नाही, बाहेर १० किलोओहम लावा. ३६ आणि ३९ वर एडीसीसारखे काही भाग चालू होताना सुमारे ८० नॅनोसेकंदांचा खोटा खड्डा येतो (चिपच्या एराटामध्ये, म्हणजे दोषांच्या यादीत, नोंद आहे), त्यामुळे पल्स मोजायला या दोन पिना घेऊ नका. १२ नंबरची पिन चालू होताना वर असेल तर फ्लॅशचं व्होल्टेज १.८ धरलं जातं आणि बोर्ड बूटच होत नाही. ऑप्टोचा पुलअप तिथे बसला की नेमकं हेच होतं. गाढ झोपेतून उठवायचं तर आरटीसीच्या पिनाच लागतात: ०, २, ४, १२ ते १५, २५ ते २७, ३२ ते ३९.

दर्यापूर_सर्किट
वरुडकर, मोडेमची रिंग सरळ जोडू नका. ए७६७०सी चे सिग्नल १.८ व्होल्टचे आहेत, ३.३ वरच्या एसटीएमला ते 'एक' म्हणून खात्रीने कळत नाहीत. २एन७००२ ही इथे नको, त्याचा गेट १.८ ला पुरता उघडेल याची हमी नाही. बीसी५४७ घ्या: बेसला १० किलोओहम, बेस-एमिटरमध्ये ४७ किलोओहम, कलेक्टरला १० किलोओहमने ३.३. सिग्नल उलटा होतो. रिंग एरवी वर असते आणि निरोप आला की खाली जाते, म्हणून पीए८ वर चढती कड पकडा. यूएआरटीच्या दोन्ही तारांनाही लेव्हल बदलणारं सर्किट लागेल.

बोर्ड जागा असताना रिंगची गरजच नाही, मेसेज आल्याची ओळ सिरियलवर येतेच. ती लाइन फक्त झोपायला जाताना उघडा.

वरुड_बोअरवेल
पिना वाचवायला घड्याळ, लोरा आणि पुढे जोडायचा एमसीपी२३०१७ (जादा पिना देणारी चिप) एकाच इंटरप्ट लाइनवर एकत्र केले तर?

दर्यापूर_सर्किट
घड्याळ आणि एमसीपी२३०१७ जमतील, लोरा नाही. डीएस३२३१ ची लाइन ओपन-ड्रेन (फक्त खाली ओढू शकणारी) आहे, एमसीपीची ओडीआर बिट लावून ओपन-ड्रेन करता येते. दोघांना मिळून ४.७ किलोओहमचा एक पुलअप, ३.३ व्होल्टलाच. लोराचा डीआयओ० पुश-पुल (वर-खाली दोन्हीकडे ढकलणारा) आहे आणि वर जाऊन बोलतो. तो यांच्याशी बांधला तर एक लाइन वर ढकलेल, दुसरा खाली ओढेल.

सामायिक लाइनचा खरा धोका पुढे आहे. एसटीएमचा ईएक्सटीआय फक्त कड ओळखतो, पातळी नाही. घड्याळाने लाइन खाली ओढली, तुम्ही ते हाताळत असताना एमसीपीनेही ओढली, घड्याळाने सोडली. लाइन वर आलीच नाही, म्हणजे नवी उतरती कडही नाही. त्यानंतर ती लाइन कायमची मुकी. उपाय: काम झाल्यावर पिन वाचायची, अजून खाली असेल तर पुन्हा दोघांनाही विचारायचं, वर येईपर्यंत. हे आय२सीचं (चिपांना जोडणाऱ्या दोन तारांवरचं) वाचन टास्कमध्ये करा, हँडलरमध्ये नाही. आणि एमसीपीच्या जीपीए७, जीपीबी७ वर इनपुट लावू नका, नव्या डेटाशीटमध्ये त्या फक्त आउटपुट म्हणून दिल्या आहेत.

वरुड_बोअरवेल
सगळं धरून नवा तक्ता:

सीटी पीए०, पीए१, पीए४. आरएस४८५ पीए२-पीए३, त्याची दिशा पीए५. वॉटर मीटर पीए६ (ईएक्सटीआय६). रिले पीए७ आणि पीए११. रिंग पीए८ (ईएक्सटीआय८). मोडेम पीए९-पीए१०. लोराचा डीआयओ० पीबी० (ईएक्सटीआय०), घड्याळ आणि एमसीपी पीबी१ (ईएक्सटीआय१). फेज पीबी६, ७, ८ टायमर-४ वर. फ्लोट पीबी९. आय२सी पीबी१०-पीबी११. लोराचा एसपीआय पीबी१२ ते १५. बटणं पीबी३, पीबी४. लाइन आल्यावर जागं व्हायला पीबी६ वर ईएक्सटीआयही.

आर्वी_फर्मवेअर
जवळपास झालं. एकच पिन टायमरला आणि ईएक्सटीआयला दोन्हीकडे चालते, ते बरोबर. पण पीबी६ ची लाइन ६ आधीच वॉटर मीटरकडे आहे. जागं व्हायला पीबी७ घ्या, ईएक्सटीआय७. उठल्यावर ती लाइन लगेच मास्क करा, नाहीतर सेकंदाला ५० फुकट इंटरप्ट. ६, ७, ८ एकाच व्हेक्टरमध्ये येतात, तिघेही सावकाश, हरकत नाही.

स्टॉपमधून उठल्यावर चिप ८ मेगाहर्ट्झच्या आतल्या घड्याळावर येते. पीएलएल (घड्याळाचा वेग वाढवणारं सर्किट) परत लावल्याशिवाय यूएआरटीला हात लावू नका, बॉड रेट चुकून कचरा येतो.

पीबी३, पीबी४ सुरुवातीला जेटॅगकडे (चिप प्रोग्रॅम करायच्या जोडणीकडे) असतात. एएफआयओमध्ये जेटॅग बंद करून फक्त एसडब्ल्यूडी (त्याच कामाची दोन तारांची जोडणी) चालू ठेवा. दोन्ही बंद केले तर प्रोग्रॅमर जोडायला रिसेट दाबून धरावा लागेल.

पिनांच्या तक्त्याशेजारी डीएमएचाही तक्ता करा. यूएआरटी-१ चं रिसीव्ह चॅनेल ५ वर आहे. आय२सी-२ चं रिसीव्ह आणि एसपीआय-२ चं ट्रान्समिट त्याच चॅनेलवर. म्हणून चॅनेल ५ मोडेमला राखून ठेवा, आय२सी आणि एसपीआय डीएमएशिवाय चालवा. त्यांचा डेटा थोडाच असतो. एडीसी चॅनेल १, यूएआरटी-२ चं रिसीव्ह चॅनेल ६, तिथे भांडण नाही.

दर्यापूर_सर्किट
रिलेच्या दोन्ही पिनांना आणि आरएस४८५ च्या दिशेला बाहेरून १० किलोओहमचे पुलडाउन द्या. रिसेटमध्ये पिना तरंगतात, कॉन्टॅक्टर एकदा टक् करतो. प्रत्येक इंटरप्टच्या वाटेत १०० ओहम आणि त्याच्या चिपकडच्या बाजूला टेस्ट पॅड ठेवा.

बोर्ड आल्यावर मोटार न जोडता तपासणी अशी: फक्त ऑप्टोंना लाइन देऊन ६.६७ चा आकडा पाहा. मग पुरवठा बंद करून कोणत्याही दोन फेजच्या वायरी अदलाबदल करा, १३.३३ यायला हवा. परत सरळ करून एकेक फ्यूज काढत जा, प्रत्येक वेळी दोन कडा एकत्र आणि तिसरी १० वर दिसली पाहिजे. पेटीत हात घालण्याआधी दर वेळी मेन खाली करा आणि टेस्टरने तिन्ही फेज तपासा.

घाटंजी_रिवाइंडर
आन् लाइन आल्याबरोबर मोटार उचलू नका. एका डीपीवरचे सगळे ऑटो एकाच वेळी उठले तर व्होल्टेज बसते, करंट वाढते. प्रत्येक बोर्डाले वेगळा उशीर द्या, ३० सेकंदांपासून ३ मिनिटांपर्यंत, आन् तेवढ्या वेळात फेजचं अंतर पाहून घ्या.

वरुड_बोअरवेल
उशीर चिपच्या युनिक आयडीवरून काढतो, म्हणजे प्रत्येक बोर्डाचा आपोआप वेगळा येईल. जागं व्हायची लाइन पीबी७ केली, पुलडाउन आणि टेस्ट पॅड टाकले. स्कीमॅटिक सुधारून इथेच लावतो.